व्यायामशाळेबाहेरचे तेवीस तास

पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास छत्रपती संभाजीनगरात फिरावयास निघालेल्या माणसास एक सुखद दृश्य दिसते. विद्यापीठ परिसरातील रस्ते, हिमायतबाग, गोगाबाबा टेकडीचा चढ, गारखेड्याचे विभागीय क्रीडा संकुल या सर्व ठिकाणी स्त्री-पुरुषांची वर्दळ सुरू झालेली असते. सिडको, हडको, गारखेडा, उस्मानपुरा या भागांत जागोजागी निघालेल्या आधुनिक व्यायामशाळांचे, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ‘जिम’चे, दिवेही याच वेळी लागतात. व्यायाम ही पहिलवानांनी, पोलीस भरतीला जाणाऱ्या तरुणांनी आणि शाळेतील कवायतीच्या मास्तरांनी सांभाळावयाची बाब आहे, असा समज एके काळी रूढ होता. आता कार्यालयांतील कर्मचारी, दुकानदार, प्राध्यापक, गृहिणी आणि सेवानिवृत्त मंडळीही नियमाने व्यायामास बाहेर पडतात. हा बदल निःसंशय स्वागतार्ह आहे.

तथापि या उत्साहाबरोबर एक गैरसमजही पसरला आहे. सकाळचा एक तास घाम गाळला की दिवसाचे आरोग्याचे देणे फिटले, अशी अनेकांची धारणा झालेली दिसते. व्यायामशाळेतून बाहेर पडताच कोपऱ्यावरील गाडीवर गरम कचोरी आणि दोन कप गोड चहा घेतला जातो. पुढे दुचाकीवरून कार्यालय, तेथे सात-आठ तास खुर्ची, रात्री उशिराचे जेवण, त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत भ्रमणध्वनीचा पडदा आणि पहाटे पुन्हा गजर, असा अनेकांचा दिनक्रम असतो. एका तासात कमावलेले उरलेल्या तेवीस तासांत किती शिल्लक राहते, याचा विचार फारसा कोणी करीत नाही.

हा विचार करण्याची निकड किती आहे हे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीवरून कळून येते. २००८ ते २०२० या काळात टप्प्याटप्प्याने झालेल्या या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब असल्याचे आणि जवळजवळ ४० टक्के लोकांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर असल्याचे या पाहणीत आढळून आले. हे विकार दीर्घकाळ चालत आलेल्या दिनचर्येतून हळूहळू आकार घेतात आणि बहुधा कोणतीही वेदना न होता वाढत जातात.

तालमीतील दिनक्रम

महाराष्ट्राला व्यायामशाळा नवी नाही. मराठवाड्यातही गावोगावच्या तालमींनी पिढ्यान्‌पिढ्या मल्ल घडविले. परंतु तालीम म्हणजे केवळ लाल मातीचा हौदा आणि जोर-बैठका नव्हेत. तालमीत राहणाऱ्या मल्लाचा संपूर्ण दिवस वस्तादाच्या नजरेखाली असे. पहाटे केव्हा उठावयाचे, मेहनत किती करावयाची, खुराक कोणता व किती, दुपारी विश्रांती केव्हा, रात्री किती वाजता झोपावयाचे, हे सारे ठरलेले असे. तंबाखू आणि दारू यांना तालमीत मज्जाव असे. जागरण करून आलेल्या पोराला वस्ताद त्या दिवशी मातीत उतरू देत नसत, असे जुने लोक सांगतात. मेहनत, आहार आणि निद्रा ही तिन्ही एकाच साखळीचे दुवे आहेत हे वस्तादांना अनुभवाने ठाऊक होते.

आयुर्वेदानेही हाच धागा धरलेला आहे. चरकसंहितेत शरीर तोलून धरणारे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. त्यांत आहार पहिला आणि निद्रा दुसरी. प्रमेहाची, म्हणजे ज्यात आजचा मधुमेह येतो त्या विकारसमूहाची कारणे देताना याच ग्रंथात बसून राहण्याचे सुख आणि झोपून राहण्याचे सुख यांचा उल्लेख दही, नवे धान्य व गुळाचे पदार्थ यांच्या बरोबरीने केलेला आहे. बैठे जीवन हे रोगाचे स्वतंत्र कारण आहे, हा विचार म्हणजे आधुनिक काळाचा शोध नव्हे.

आधुनिक जिमने तालमीकडून वजने घेतली, आरसे आणि यंत्रे स्वतःची आणली. वस्ताद मात्र तासापुरता राहिला. यात कोणाचा दोष काढावयाचा नाही. मासिक शुल्क भरून येणाऱ्या गृहस्थाला रात्री नऊ वाजता झोपण्यास सांगणार कोण? आणि तालमीच्या गुणगानात वाहून जाण्याचेही कारण नाही. कुस्ती सुटल्यावर मेहनत बंद झाली पण खुराक तसाच राहिला, म्हणून चाळिशीतच देह सुटलेले मल्ल प्रत्येक तालुक्याने पाहिले आहेत. साखळीतील एक दुवा निखळला की काय होते, याचे ते उत्तम उदाहरण आहे.

लंडनचे वाहक आणि चालक

दैनंदिन हालचालीचा आरोग्याशी असलेला संबंध प्रथम मोठ्या प्रमाणावर दाखवून दिला तो एका बससेवेने. लंडनमधील दुमजली बसगाड्यांचे चालक आणि वाहक यांच्या प्रकृतीची तुलना डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि तिचे निष्कर्ष १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघेही एकाच संस्थेचे नोकर आणि एकाच गाडीत काम करणारे. चालक दिवसभर आसनावर बसून, तर वाहक तिकिटे देत दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत असे. हृदयविकाराचे प्रमाण चालकांत स्पष्टपणे अधिक आढळले. हे वाहक कोणत्याही व्यायामशाळेत जात नव्हते. त्यांचा व्यायाम त्यांच्या कामातच दडलेला होता.

मॉरिस हे चिकित्सक वृत्तीचे संशोधक होते. पुढे त्यांनी बससेवेने शिवून दिलेल्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींची कंबर मुळातच अधिक रुंद असल्याचे दिसले. म्हणजे स्थूल माणसे चालकाच्या नोकरीकडे अधिक वळत असण्याचीही शक्यता होती. एकाच पाहणीवरून अंतिम निष्कर्ष काढू नये, हे त्यांनी स्वतःच दाखवून दिले. त्यानंतरच्या सात दशकांत अनेक देशांत झालेल्या अभ्यासांनी मूळ निष्कर्षाला मात्र बळकटीच आणली आहे.

हालचाल म्हणजे केवळ धावणे किंवा वजन उचलणे नव्हे. उभे राहणे, जिना चढणे, भाजी आणावयास चालत जाणे, घर झाडणे, पाणी भरणे, बोलता बोलता येरझारा घालणे या सर्वांत शरीर ऊर्जा खर्च करीत असते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. जेम्स लेव्हिन व सहकारी यांनी १९९९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा निरोगी स्वयंसेवकांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा हजार उष्मांक अधिक देण्यात आले. सर्वांना सारखेच जादा अन्न मिळूनही कोणाच्या अंगावर जेमतेम ३६० ग्रॅम चरबी चढली, तर कोणाच्या अंगावर सव्वाचार किलोच्या आसपास. ज्यांची व्यायामाव्यतिरिक्तची किरकोळ हालचाल आपोआप वाढली, ते बचावले. २००५ मधील त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात स्थूल व्यक्ती सडपातळ व्यक्तींपेक्षा दिवसाकाठी सुमारे दोन तास अधिक बसून राहतात असे आढळले. त्या दोन तासांतील फरकाची किंमत रोज साडेतीनशे उष्मांकांच्या जवळपास होती. मध्यम वजनाच्या माणसाने जिममध्ये तासभर वजनांचा व्यायाम केला, तरी खर्च साधारण तेवढाच किंवा त्याहून कमी होतो.

या दृष्टीने छत्रपती संभाजीनगरची वाढ पाहण्यासारखी आहे. बावन्न दरवाजांचे शहर म्हणून ओळखली जाणारी जुनी वस्ती पायी चालण्याच्या मापाची होती. गुलमंडी, सिटी चौक, शहागंज, पैठण गेट ही ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असून बाजार, शाळा, मशीद, मंदिर आणि नातलग हे सारे त्याच परिघात असे. चिकलठाण्यास औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९७० च्या दशकात सिडकोने नव्या वसाहतीचे काम हाती घेतले, नंतर वाळूज आणि पुढे शेंद्रा ही औद्योगिक क्षेत्रे आली. मराठवाड्यातील हजारो कुटुंबांना या उद्योगांनी अन्न दिले आणि शहराला देशाच्या औद्योगिक नकाशावर स्थान दिले. त्याबरोबर घर आणि काम यांतील अंतर मात्र पंधरा-वीस किलोमीटरवर गेले. सायकलीची जागा दुचाकीने व कंपनीच्या बसने घेतली. शेतात किंवा मागावर राबलेल्या पित्याचा मुलगा संगणकासमोर किंवा स्वयंचलित यंत्राच्या फलकासमोर बसू लागला. श्रम हलके झाले हे चांगलेच झाले. आहार आणि भूक मात्र पित्याच्याच राहिल्या.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदविली पाहिजे. दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेला आणि २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास असे सांगतो की, रोज ६० ते ७५ मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करणाऱ्यांत आठ तासांहून अधिक बसण्यामुळे वाढणारा मृत्यूचा धोका जवळजवळ नाहीसा झालेला दिसला. म्हणजे व्यायामाचा तास व्यर्थ जात नाही. तो पुरेसा खराखुरा असला पाहिजे एवढेच. जिममधील साठ मिनिटांपैकी यंत्र मोकळे होण्याची वाट पाहण्यात, गप्पांत आणि आरशासमोर छायाचित्रे घेण्यात गेलेली मिनिटे वजा केली, तर अनेकांच्या हिशेबात पंचवीस-तीसच उरतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम, आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि यांच्या जोडीला बसून राहण्याचा वेळ कमी करणे, असे तिन्ही सांगितले आहे. दर अर्ध्या-पाऊण तासाने खुर्चीवरून उठणे, दूरध्वनीवर उभ्याने बोलणे, दोन मजल्यांसाठी उद्वाहकाची वाट न पाहणे या गोष्टींना पैसा पडत नाही.

सडपातळ दिसणारा देह

‘आमचे वजन बेताचेच आहे, आम्हांला काळजी नाही’ असे म्हणणाऱ्यांनी पुण्याचे एक उदाहरण लक्षात घ्यावे. पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा संशोधकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपली दोघांची छायाचित्रे शेजारी-शेजारी छापली. उंची व वजन यांच्या प्रमाणावरून काढला जाणारा निर्देशांक, ज्याला सर्वसाधारणपणे बीएमआय म्हणतात, तो दोघांचाही अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता. तपासणीत मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाले. काट्यावर सारखी दिसणारी दोन शरीरे आतून इतकी भिन्न असू शकतात. भारतीय माणसाच्या अंगात स्नायू कमी व चरबी अधिक, आणि तीही पोटाभोवती अधिक, असे सर्वसाधारणपणे आढळते. याची मुळे काही अंशी गर्भावस्थेतील पोषणापर्यंत पोहोचतात, हे डॉ. याज्ञिक यांनी पुण्याजवळील खेड्यांत केलेल्या दीर्घ अभ्यासाने पुढे आणले आहे.

या कारणाने भारतीयांसाठी वजनाच्या निर्देशांकाची मर्यादा पाश्चात्त्यांच्या २५ ऐवजी २३ धरण्याची प्रथा पडली आहे. त्याहूनही सोपे साधन म्हणजे शिंप्याची फीत. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर यांपेक्षा अधिक असल्यास तो धोक्याचा इशारा समजावा. दंडाचा घेर वाढला म्हणून समाधान मानणाऱ्या तरुणाने ही फीत थोडी खाली आणून पाहावयास हरकत नाही.

ताटातील आणि कपातील हिशेब

मराठवाड्याचे मूळ अन्न ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पिठले, पालेभाजी आणि ठेचा हे होय. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून ज्वारीची प्रतिष्ठा शहरातही पुन्हा वाढली आहे. ज्वारीचे गुण खरेच मोठे आहेत, परंतु तिच्या कौतुकात गव्हाला खलनायक ठरविणे बरोबर नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार ज्वारीत आणि चक्कीवर दळलेल्या कणकेत शंभर ग्रॅममागे तंतुमय द्रव्ये जवळपास सारखीच, म्हणजे दहा-अकरा ग्रॅम आहेत. मैद्यात ती तीन ग्रॅमही भरत नाहीत. पाव, खारी, बिस्किटे, समोसा आणि नूडल्स यांनी भाकरी-पोळीची जागा घेतली, नुकसान तेथे झाले.

चहाचा हिशेब तर कोणीच मांडीत नाही. एका कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर धरली, तर कार्यालयात, कारखान्यात आणि घरी मिळून होणाऱ्या सहा कपांतून साठ ग्रॅम साखर पोटात जाते. ती सुमारे २४० उष्मांक देते. दिवसाला दोन हजार उष्मांकांची गरज असलेल्या माणसाने वरून घातलेली साखर पन्नास ग्रॅमच्या आत, आणि शक्यतो पंचवीसच्या आत ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र आहे. म्हणजे गुलमंडीवरील इमरतीचा विचार मनात येण्यापूर्वीच दिवसाची मर्यादा ओलांडलेली असते. मिठाची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, आहे. लोणचे, पापड, शेव-फरसाण आणि ठेचा हे मोजले तर ती केव्हाच मागे पडते. या शहराचा नान-खलिया हा देशात नाव मिळविलेला पदार्थ. सणासमारंभाला त्याचा आस्वाद घेण्यास कोणी वैद्य मना करणार नाही. प्रश्न त्या तर्रीचा नसून रोज संध्याकाळी सवयीने खाल्ल्या जाणाऱ्या तळलेल्या पदार्थांचा आहे.

जिममध्ये जाणाऱ्या तरुणांत प्रथिनांच्या डब्यांचे आकर्षण फार आहे. सर्वसाधारण निरोगी प्रौढास किलो वजनामागे सुमारे पाऊण ते एक ग्रॅम प्रथिने पुरतात; जड मेहनत करणाऱ्यास त्याहून अधिक लागतात. डाळ, हरभरा, शेंगदाणे, दूध-दही, अंडी, मासे व मांस यांतून ती मिळू शकतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत शरीर पिळदार करण्यासाठी प्रथिनांची पूरके घेणे टाळावे असे स्पष्टपणे म्हटले आहे. कोणीतरी सांगितले म्हणून संप्रेरकांची इंजेक्शने टोचून घेणे तर हृदय, यकृत व प्रजननक्षमता या तिन्हींशी खेळणे आहे.

झोप, रात्रपाळी आणि पाण्याची वेळ

तेवीस तासांतील सर्वांत मोठा वाटा झोपेचा, आणि सर्वाधिक काटछाटही तिचीच होते. शिकागो विद्यापीठातील इव्ह व्हॅन कॉटर व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अकरा निरोगी तरुणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. सहा रात्री प्रत्येकी चारच तास झोप दिल्यावर त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता ठळकपणे घटली. त्याच विद्यापीठात २०१० मध्ये झालेला दुसरा प्रयोग वजन घटवू पाहणाऱ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावा. दहा जणांना चौदा दिवस मोजका आहार देण्यात आला. एकदा अंथरुणात साडेआठ तास आणि दुसऱ्या वेळी साडेपाच तास. दोन्ही वेळा वजन सारखेच, सुमारे तीन किलो घटले. पुरेशी झोप असताना त्यांतील १.४ किलो चरबी होती. अपुऱ्या झोपेत चरबी केवळ ०.६ किलो गेली आणि उरलेली घट स्नायूंसह चरबीविरहित भागाची झाली. पहाटे पाचची जिम गाठण्यासाठी रात्री साडेबाराला झोपणारा तरुण ज्या स्नायूंसाठी धडपडतो, तेच तो अंथरुणात गमावीत असतो.

वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखाने पाळ्यांमध्ये चालतात. या शहरात झोपेचा प्रश्न चैनीपेक्षा रोजगाराशी अधिक निगडित आहे. मानवी शरीरात दिवस-रात्रीचे एक अंगभूत घड्याळ असते. त्याची पेशींमधील यंत्रणा उलगडून दाखविल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रात्रपाळीत हे घड्याळ आणि कामाचे घड्याळ यांचा मेळ बसत नाही. रात्री दोन वाजता खाल्लेले जेवण शरीर दुपारच्या जेवणासारखे हाताळू शकत नाही. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाचा समावेश कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या बाबींमध्ये केला आहे.

रात्रपाळी सर्वांनाच टाळता येणार नाही; तिचा त्रास मात्र कमी करता येतो. मुख्य जेवण पाळीवर जाण्यापूर्वी घ्यावे, मध्यरात्री हलके खावे आणि पाळीच्या उत्तरार्धात चहा-कॉफी थांबवावी. घरी परतल्यावर खोलीत काळोख करून सलग झोप घ्यावी. ती झोप मोडून व्यायामशाळेत जाण्यापेक्षा उठल्यावर, संध्याकाळी व्यायाम करणे अधिक हिताचे. पाळ्या फिरवावयाच्याच असतील तर सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने फिरविल्यास शरीराला जुळवून घेणे सोपे जाते. उलट क्रम अधिक त्रासदायक ठरतो. ही बाब कामगाराच्या हाती नसून व्यवस्थापनाच्या हाती आहे, आणि ती अमलात आणण्यास खर्चही येत नाही. घरातील माणसांचा वाटाही मोठा असतो. दिवसा झोपलेल्या माणसाच्या खोलीबाहेर दूरचित्रवाणीचा आवाज कमी ठेवणे हाही आरोग्यसेवेचाच प्रकार होय.

या शहराची आणखी एक अडचण व्यायामाच्या पुस्तकांत सापडणार नाही. गेली अनेक वर्षे शहराच्या मोठ्या भागाला जायकवाडीचे पाणी काही दिवसांच्या अंतराने मिळत आले आहे. नळाची वेळ रात्रीची किंवा पहाटेची असली की घरातील एकाची, आणि ती बहुधा स्त्रीच, झोप त्या दिवशी मोडते. दिवसभर घरकाम करणाऱ्या गृहिणीला ‘व्यायाम करा’ असे सांगण्यापूर्वी तिला सलग सात तास झोप मिळते काय, हे विचारणे अधिक उचित ठरेल. नळाची पाळी घरातील पुरुषांनी वाटून घेतल्यास काही घरांत तेवढ्यानेच फरक पडेल.

तंबाखूची पुडी

तंबाखूविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण तिच्याबाबत दुमत उरलेले नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरतात असे आढळले, आणि त्यांतील बहुसंख्य ती खाणारे होते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. सुपारीवेगळी आणि तंबाखूवेगळी अशा जोडपुड्यांची पळवाट मात्र सर्वांना ठाऊक आहे. केवळ सुपारीही कर्करोगकारक आहे, हे पुष्कळांच्या गावी नसते. खिशात पुडी ठेवून वजने उचलणाऱ्या तरुणाच्या दंडाला व्यायामाचा लाभ होतो. गालाच्या आतील त्वचेला त्याचा काहीही उपयोग होत नाही. शहरातील शासकीय कर्करोग रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगावर उपचार होतात. तोंड पूर्ण न उघडणे, पांढरा किंवा लाल चट्टा आणि दोन-तीन आठवड्यांत न भरणारे व्रण ही लक्षणे दिसताच तेथे किंवा घाटी रुग्णालयात दाखवावे.

शतपावली आणि तपासणी

जेवणानंतर शतपावली घालण्याची रीत मराठी घरांत जुनी आहे. अलीकडे ती वडीलधाऱ्यांच्या आठवणीत जमा होऊ लागली होती. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाने ४१ मधुमेही रुग्णांवर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तिला अनपेक्षित आधार दिला. दिवसातून केव्हाही एकदम तीस मिनिटे चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटे चालल्यास जेवणानंतरची रक्तशर्करा सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर हा फरक २२ टक्के होता. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा रात्रीचा गार वारा सुटल्यावर गल्लीतून दहा मिनिटे फिरणे हाच सर्वांत सुसह्य व्यायाम असतो. मधुमेहावर औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी चालण्याच्या वेळा वाढविताना डॉक्टरांना विचारावे.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब व रक्तशर्करा तपासून घ्यावी. राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमांतर्गत ही तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरे आणि शासकीय रुग्णालये येथे विनामूल्य होते. उपाशीपोटी रक्तशर्करा १०० ते १२५ मिलिग्रॅम असल्यास ती उंबरठ्याची अवस्था समजली जाते; १२६ किंवा त्याहून अधिक आकडा दोन वेळा आल्यास मधुमेह. रक्तदाब १४०/९० च्या वर राहत असल्यास उपचारांची चर्चा करावी लागते.

उंबरठ्यावरच्या अवस्थेत काय साधता येते हे चेन्नईत झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाने दाखविले. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. साखर हाताळण्याची क्षमता घटलेल्या ५३१ स्त्री-पुरुषांवर सुमारे तीन वर्षे लक्ष ठेवण्यात आले. एका गटाला केवळ नेहमीचा सल्ला मिळाला. दुसऱ्या गटाला साखर, तळलेले पदार्थ व मैदा कमी करून तंतुमय आहार वाढविण्यास आणि रोज अर्धा तास चालण्यास सांगण्यात आले. ज्यांचे कामच श्रमाचे होते किंवा जे कामावर सायकलने वा पायी जात होते, त्यांना फक्त तोच क्रम चालू ठेवण्यास सांगितले. कोणालाही व्यायामशाळेत पाठविले नव्हते. पहिल्या गटातील ५५ टक्के लोकांना त्या तीन वर्षांत मधुमेह झाला. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले.